आपसूक सरकलेला बांध

बांध घालायचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. मे महिन्याच्या शेवटाला लोकांना आंबे आठवतात, करवंदं आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला तात्यांची कुदळ आठवते. ऊन चढायच्या आत खाली खाचरात तिचा आवाज सुरू होतो, खस्स करून माती सुटते, आणि मी चहाचा कप ओट्यावर तसाच ठेवून दारात येते. यंदाही आले. तात्या आमच्याकडे पाठ करून वाकले होते.

"काय वैशे, लई लवकर उटलीस," ते न वळताच म्हणाले.

"तुमच्यासाठीच उठले, तात्या."

"मंग च्या तरी आन की."

नेला नाही. 

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, चुलतभाऊ. त्यांचं खाचर आणि आमचं खाचर यांच्यात एकच बांध. आमच्या भरे गावात भाताची जमीन अशीच आहे, उतारावर पायऱ्या पाडल्यासारखी, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला बांध. उन्हाळ्यात तो तडकतो, गुरं तुडवतात, खेकडे बिळं पाडतात. मग पाऊस लागायच्या आधी ज्याने त्याने आपला बांध नीट करायचा. माती टाकायची, पायाने दाबायची, फळीने चोपायची. आता ज्याला चोरी करायची आहे त्याला हेच दिवस बरे. आपल्या बाजूने बांध थोडा तासायचा, निघालेली माती पलीकडच्या बाजूला थापायची. बांध तेवढाच रुंद राहतो, तेवढाच उंच राहतो. फक्त चार बोटं सरकतो. याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात. एका वर्षी दिसत नाही. दुसऱ्या वर्षीही दिसत नाही. आणि चार बोटांसाठी बोंब मारणारा माणूस गावात हलका ठरतो.

आबा तेच म्हणायचे. "चार बोटांसाटी भावकीत तोंड वाईट करायचं व्हय?"

मी चित्रं काढते. पेनाने पाटीवर काढते आणि ती कॉम्प्युटरमध्ये उमटतात. माणसं काढते, त्यांना नावं देते, त्यांच्या चित्रकथा करते. त्याआधी मी बी.कॉम. केलं, पहिल्या वर्गात, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते, कुणी विचारलं नसलं तरी. चित्रकलेच्या कॉलेजात मात्र गेले नाही. जायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

शिकले ती आईच्या जुन्या फोनवर, बोटाने. त्या फोनच्या काचेची वरची दोन बोटं पट्टी मेलेली होती. तिथे कितीही घासा, रेघ उठायची नाही. त्यामुळे माझ्या माणसांची डोकी त्या पट्टीच्या खाली दबून बसायची, मान खांद्यात जायची. जणू प्रत्येकाच्या डोक्यावर भारा. पुढे चांगली पाटी घेतली, जागा भरपूर झाली, तरी डोकी वर गेली नाहीत. मी नेली नाहीत. ती तशीच बरोबर दिसत होती. आमच्याकडे बायकांच्या डोक्यावर भारा असतोच की, कधी दिसणारा, कधी न दिसणारा.

दुसरी गोष्ट पायांची. नेटवर शिकवणारे सगळे सांगतात, आधी डोक्याचा गोळा काढा, मग मधून उभी रेघ, मग खांदे. पाय सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याचदा नाहीतच. मला ते कधी जमलं नाही. मी आधी जमीन काढते. जमीन म्हणजे एक तिरकी रेघ. कारण आमच्याकडे सपाट काही नाही. माणूस कसा उभा राहणार हे उतार ठरवतो. एक गुडघा वाकवायचा की दोन्ही, अंगठा कुठे रोवायचा, कमरेवर हात कुठल्या बाजूला जाणार. आधी रेघ, मग तिला धरून बसलेले पाय, फाकलेली बोटं, भेगा. पाय नीट रोवले गेले की वरचं माणूस आपोआप येतं. त्यामुळे माझ्या चित्रात पाय मोठे. बेढब म्हणा हवं तर, मला चालतं. 

हल्ली लोक विचारतात, तुम्हाला तुमची शैली कशी सापडली? सापडायला ती काय हरवलेली म्हैस आहे? महिन्याभरात आपली शैली शोधा म्हणून व्हिडिओ असतात. मी एक पूर्ण बघितला. त्यात शिकवणाऱ्याने पाच जणांची उचललेली नाकं आणि डोळे दाखवले आणि म्हणाला, आता यातून तुमचं स्वतःचं तयार करा. मला विचाराल तर शैली म्हणजे काचेची मेलेली पट्टी आणि पायाखालचा उतार. जे आपल्याला चुकवता आलं नाही ते. नंतर कुणीतरी येऊन म्हणतं, हे चुकलंय, दुरुस्त कर. तिथे तुम्ही काय करता, त्यावर पुढचं सगळं.

मी काय केलं ते सांगते. त्याचाच राग आहे.

तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. बाणेरच्या बाजूला चित्रं करून देणाऱ्या एका स्टुडिओत मी कामाला लागून वर्ष झालं होतं. नाव घेत नाही, फुकटची जाहिरात नको. तिथे मी सुंद्राक्का काढली. सुंद्राक्का गावात घरोघरचं दूध गोळा करते. जुनी मोपेड, मागे दोन कॅन, आणि नाक असं तिखट की कुणी कुठल्या विहिरीचं पाणी दुधात मिसळलंय ते वासावर सांगते. तिच्या हाताने गावातल्या चोऱ्या उघडकीला येतात. जाडजूड हात, सावळी, रुंद नाक, डावी भुवई जरा वर. आणि साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, कारण शेतात बायका तसाच घालतात, उन्हाने हात भाजू नयेत म्हणून. मी आईला पहिलं चित्र दाखवलं तेव्हा तिने फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "माजं पाय काडलंस व्हय गं? भेगांसकट?"

"तुझेच कशाला, सगळ्यांचे आहेत."

"सगळ्यांच्या डाव्या अंगट्याला कुरूप नसतंय," ती म्हणाली. आणि पदराने तोंड झाकून हसत बसली.

स्टुडिओत आमचं काम केतकी मॅडम बघायच्या. वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगते. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनीच सुंद्राक्काचं पुस्तक करायचं ठरवलं, मुलांसाठी, छापील, जाड कागदावर. मुखपृष्ठावर माझं नाव. घरी सांगितलं त्या दिवशी आबा डेअरीवर, पारावर, पिरंगुटला सलूनमध्येसुद्धा सांगून आले. पोरीचं पुस्तक येतंय. पुस्तक म्हणजे काय, चित्रकथा म्हणजे काय, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर अडचण होती. पण नाव छापून येणार, हे गावाला नीट कळलं. आमच्या घरात तोवर नाव छापून आलं होतं ते लग्नपत्रिकेत.

पहिल्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "कमाल आहे गं. इतकं रॉ आहे ना तुझं काम." रॉ म्हणजे कच्चं. मी मान डोलावली. कच्चं म्हणजे शिजायचं राहिलेलं. मी किती शिजून तिथवर पोचले होते ते त्यांना कुठून दिसणार? "आणि तुझी भाषा किती गोड आहे," त्या म्हणाल्या. माझी भाषा गोड नाही. माझी भाषा ऐकून पौडच्या तलाठ्यानेसुद्धा खुर्ची दिली होती.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या.

"वैशाली, पाय जरा छोटे करूया का? बाकी काहीच नको. नजर सारखी खाली जाते."

जरा म्हणजे जराच. केले.

"डोक्यावर थोडी हवा ठेव ना. कोंडल्यासारखं वाटतं."

ठेवली.

"हा रंग छापताना फार डार्क होईल. एक शेड वर जाऊ."

गेले. एक शेड. पुढच्या आठवड्यात आणखी एक.

"तो शर्ट कन्फ्यूज करतो गं. ती बाई आहे की काय तेच कळत नाही. छान काठाची साडी दे. नऊवारी दिलीस तर? गावातली म्हणून ओळखू यायला हवी ना."

मी म्हणाले, "मॅडम, आमच्या गावात ती रोज ओळखू येते."

त्या हसल्या. सगळे हसले. मीही हसले. हसले याचा राग आजही येतो, इतका की हे लिहिताना दात आवळले गेलेत. मग मी जाग्यावर जाऊन नऊवारी काढली. मोपेडवर नऊवारी.

दर वेळी नवी फाइल. मागची उघडायची, नाव बदलून ठेवायची, सांगितलेलं तेवढं बदलायचं. मागच्या फाइलीशी ताडून बघितलं की फरक वाटायचा नाही. चार बोटं. आणि चार बोटांसाठी बोंब मारणारी मुलगी ऑफिसात हलकी ठरते. हिला फीडबॅक घेता येत नाही म्हणतात. मी पहिल्या वर्गात पास झालेली, मला सगळं घेता येतं हे दाखवायचं होतं ना.

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्याकडे जमिनीची मोजणी झाली. आबांनी नाही, आईने लावली. ती म्हणे, आवणीला, भाताची रोपं लावताना, या कडेला ती लावायची ती शेवटची पात, म्हणजे एका बाईने लावत जायचा पट्टा, गेल्या दोन पावसाळ्यांत पुरा बसत नव्हता. "माजा हात बसतुया तेवडाच बसतुया. रानच आखडलंय," ती म्हणाली. आबा म्हणाले, तुझा हात सैल पडला असेल. त्यावर आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आबांनी अर्ज दिला, म्हणजे मी लिहिला आणि त्यांनी सही केली.

मोजणीवाले आले, तिपाईवर यंत्र लावलं, नकाशा उघडला. जुन्या खुणेचा दगड करवंदाच्या जाळीत निघाला. तिथून चुन्याची रेघ मारत निघाले. मी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. पांढरी रेघ बांधापासून सुटली आणि तात्यांच्या नांगरटीत शिरली, आणि चालत राहिली. वरच्या टोकाला वीतभर, खालच्या टोकाला अडीच हात. बघायला गाव जमलं होतं. कुणीतरी खोकलं.

तात्या म्हणाले, "म्या कुटं सरकवलाय? मातीचा बांध हाय त्यो. पावसापान्यानं सरकतो आपसूक."

आबा आयुष्यात पहिल्यांदा भावकीत मोठ्याने बोलले. "आपसूक सरकतो, तर एकांद्या साली तुज्याकडं का सरकंना, तात्या?"

तात्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली.

मी रेघेवर उभी होते. एक पाय चुन्याच्या अलीकडे, एक पलीकडे. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात स्टुडिओतल्या फाइली फिरत होत्या. घरी आले, हातपाय न धुता लॅपटॉप उघडला. सुंद्राक्काची पहिली फाइल काढली. तिच्यावर चौदावी ठेवली, बरोब्बर वर, आणि वरची निम्मी पारदर्शक केली. पहिलीशी ताडून मी एकदाही बघितलं नव्हतं. दर वेळी फक्त मागचीशी.

एकात एक दोन बायका दिसल्या. बाहेरची माझी, आत कुणीतरी दुसरी, आक्रसलेली. नाक वेगळं, दंड वेगळे, पावलं निम्मी. उतारही गेला होता. तो पुसायला मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाय इतके लहान झाल्यावर तिरक्या जमिनीवर ती बाई उभी राहीना, म्हणून नवव्या की दहाव्या फाइलीत मीच तिच्या पायाखाली सपाट रेघ मारली होती. माझ्या लक्षातही नव्हतं.

तात्यांनी निदान स्वतःची कुदळ वापरली होती. इथे हात माझा, पेन माझं, आणि कोरलेलंही माझंच.

दुसऱ्या दिवशी मॅडमना तसंच दाखवलं, एकावर एक ठेवून. त्यांनी जवळ येऊन बघितलं. मग म्हणाल्या, "पण वैशाली, हे सगळं तूच काढलंस ना? मी पेनसुद्धा लावलेलं नाही. आर्टिस्टची स्टाइल अशीच हलत जाते गं. आपोआप."

आपोआप. शहरातलं आपसूक.

मी म्हणाले, "आपोआप हलत असती तर एकदा तरी माझ्या बाजूला हलली असती." पुढे म्हणाले की पहिली छापा, नाहीतर माझं नाव काढा.

"पहिलं पुस्तक आहे तुझं," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "घरी सांगितलं असशील. त्यांना किती वाईट वाटेल."

हे त्यांना बरोबर कळलं होतं. बाकी माझं काही कळलं नव्हतं, एवढं कळलं होतं. मी लॅपटॉप मिटून बाहेर पडले, कारण तिथे रडले असते तर त्यांनी जवळ घेतलं असतं. ते मला नको होतं.

पहिली छापायची नाही असं त्यांनी ठरवलं. मी नोकरीला लागताना सही केलेल्या कागदात लिहिलेलं होतं की तिथे काढलेलं सगळं त्यांचं. मी तो कागद वाचला होता, इंग्रजी मला येतं. पण वाचताना त्यात सुंद्राक्का नव्हती, ती नंतर आली. तेव्हा तिचा सातबारा त्यांच्या नावावर. मला ती परत काढताही येत नाही. आज कुणी म्हणतं, नवी सुंद्राक्का काढा ना, तेव्हा मला विषय बदलावा लागतो, आणि विषय बदलणं मला मुळीच जमत नाही.

आबांना सांगायला दोन दिवस लावले. ते मागच्या पडवीत खुरप्याला मूठ बसवत होते.

"आबा, पुस्तकावरचं नाव काढायला सांगितलं."

"कुनी सांगितलं?"

"मीच."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात धरला. एकात एक दोन बायका. त्यांनी हात धोतराला पुसला, बोट काचेपासून अंतर राखून फिरवलं.

"ह्यातली चुन्याची रेग कंची?"

मी बाहेरची दाखवली. त्यांनी दोन्हींमधली जागा बघितली, पायांपाशी बराच वेळ.

"कितव्या डावाला कळलं?"

"चौदाव्या."

"आन तवर गप बसलीस?"

"तुमचीच पोर."

हे मी लावून बोलले. त्यांना लागलं. ते उठले आणि खाचराकडे गेले. नव्या हद्दीच्या दगडापाशी उभे राहिलेले मला दिसत होते. आम्हा दोघांनाही एकमेकांचा राग आला होता, आणि दोघांनाही माहीत होतं की तो एकमेकांचा नाही.

पुस्तक दिवाळीनंतर निघालं. मुखपृष्ठावर चित्रकाराच्या जागी कोणीच नाही, आत बारीक अक्षरात स्टुडिओचं नाव. कुरियरने एक प्रत आली, मॅडमनी पाठवली, आत चिठ्ठी, "प्रेमाने". आईने मुखपृष्ठ बघितलं. 

"ही कोन बाई?" ती म्हणाली. "साकरपुड्याला निगालीय व्हय?"

"सुंद्राक्का आहे."

"व्हय का. हिला दुदाचा क्यान उचलंल व्हय?" आणि पुस्तक फळीवर ठेवून ती भाकरीला बसली. आपले पाय ओळखणारी बाई त्या चित्रात आपल्याला शोधायलाही थांबली नाही. मला त्या दिवशी जे वाटलं त्याला राग हा शब्द लहान आहे.

नोकरी सोडली. आता घरूनच काम करते. जाहिरातींची करते, शाळेच्या तक्त्यांची करते, तिथे ते सांगतील तशी डोकी काढते, हवेसकट. त्याचं मला काही वाटत नाही, ती मजुरी आहे. माझ्या चित्रकथा वेगळ्या ठेवते. नव्या कथेत तिघी बहिणी आहेत, कंपनीच्या बसने कामाला जाणाऱ्या. सुंद्राक्का नाहीत, तिच्यासारख्याही नाहीत. पण त्यांच्या पायाखाली आधी उतार काढला, मग पाय, मग वरच्या त्या. कुणी सुचवलं तर ऐकते. चांगलं असेल तर बदलतेही, मी काही दगड नाही. फक्त दर बदलानंतर पहिली फाइल काढून वर ठेवून बघते. कामाची पद्धत म्हणून हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, इतका अविश्वास? हो, इतका.

लोक असंही म्हणतात की राग धरू नये, त्याने चित्रात कडवटपणा उतरतो. उतरू दे. माझा राग मी कमावलाय. केतकी मॅडमचा नंतर एकदा मेसेज आला होता, नव्या कामासाठी. "तुझा तो पूर्वीचा टच हवा आहे, मोठे पाय वगैरे. आता ते चालतंय." मी वाचला आणि ठेवून दिला. आता चालतंय. आमचे पाय कधीपासून चालतायत ते यांना आता कळलं.

तात्या यंदा बांध नीट करताना माती आपल्याच बाजूला थापतायत. आबा त्यांच्याशी बोलतात, आई बोलत नाही, मी तेवढ्यास तेवढं बोलते. 

आणि ते पुस्तक आबांनी टाकू दिलं नाही. मी दोनदा रद्दीत घातलं, दोन्ही वेळा काढून त्यांनी टीव्हीशेजारी ठेवलं, दिसेल असं. पाहुणे आले की पाणी द्यायच्या आधी ते पुस्तक उतरवतात. परवा माण गावाहून आईचे मावसभाऊ आले होते. पूर्वी भाताची शेती होती, आता खोल्या भाड्याने देतात. आबांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि मुखपृष्ठावर खाली, रिकाम्या जागी बोट ठेवलं.

"हितं माज्या पोरीचं नाव न्हाई," आबा म्हणाले. "येनार व्हतं. तिनं घालू दिलं न्हाई."

पाहुण्यांनी पुस्तक उलटंसुलटं केलं. आत बघितलं. माझ्याकडे बघितलं, पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"मंग दाजी, ह्यात तिचं काय हाय?"

"काय न्हाई," आबा म्हणाले. "त्येच दावतुया."